आधी पुरलेला पाय

आक्का, तुम्ही सांगितलं होतं तसं मी केलं नाही. तुम्हाला हर्सूलच्या पुढच्या नव्या दफनभूमीत नेलं नाही. छावणीतल्या जुन्या दफनभूमीत, तुमच्या भावाच्या कबरीत ठेवलं. म्हणजे माझ्या जागेवर. तुम्हाला राग आला असणार. एरवी तुमचा राग स्वयंपाकघरातून माझ्या शिवणाच्या दुकानापर्यंत यायचा, मधे दोन भिंती असून. या वेळी तो पोचत नाही, आणि ते मला नवीन आहे.

चर्चच्या मंडळीनं तुमच्याविषयी चार शब्द लिहायला सांगितले. संडे स्कूल किती वर्षं घेतलीत, बिडकीनच्या शाळेत कधी लागलात, हे पाळकसाहेबांनी भक्तीत सांगून झालंय. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला तुमच्याशीच बोलायचंय, कारण आपला वाद अर्धा राहिलाय आणि त्यातला तुमचा शेवटचा मुद्दा मला पटलेला नाही.

आपण नणंद-भावजय एका घरात राहिलो ते काही हौसेनं नव्हे. तुमचा भाऊ शांतवन शेंद्र्याच्या कारखान्यातून पाळी संपवून येताना रस्त्यावर अपघातात गेला. मला दुकान सोडता येत नव्हतं, तुम्ही नुकत्याच निवृत्त झाला होतात, म्हणून ट्रंक घेऊन आलात. तात्पुरत्या. ती ट्रंक शेवटपर्यंत माळ्यावर चढवू दिली नाहीत. जायचंच आहे म्हणायच्या, आणि तिच्यावर वाळलेले कपडे ठेवायच्या.

तो गेला त्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं होतं. जो येई तो देवाची इच्छा म्हणे. मी मशीनवर बसले होते, कारण शाळेचे गणवेश द्यायचे होते आणि हात रिकामे ठेवणं मला जमत नव्हतं. शेवटी मी पाय थांबवून म्हटलं, "देवाची इच्छा, देवाची इच्छा. देवाचं काय गेलं?"

तुम्ही मोरीपाशी कप विसळत होतात. मागं न बघता म्हणालात, "मुलगा."

आणि पुढचा कप घेतलात. मला त्या दिवशी तुमचा राग आला होता. बोलायला तोंडच ठेवलं नाहीत म्हणून.

पुढं बऱ्याच दिवसांनी, गिऱ्हाईक नसताना, मी तो विषय पुन्हा काढला. मी चर्चला जाणारी बाई, पण घड्याळाकडं बघणारी. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा पाळकांच्या परीक्षेचा प्रश्न असं माझं मत होतं. मी विचारलं, क्रुसावर मेला कोण, देव की देवाचा मुलगा? तुम्ही म्हणालात, देवच. मग त्याला मरताना बघत कोण राहिलं? देवच. म्हटलं, एकच देव दोन्हीकडं कसा?

"म्हणून तर त्रैक्य लागतं, सुमन," तुम्ही म्हणालात. "देव एकटाच असता तर त्याला मरण तरी कळलं असतं, नायतर मागं राहणं तरी. दोन्ही कळलं नसतं."

ते मला पटलं. धर्मातली पहिली गोष्ट जी मला शिवणाच्या मापासारखी नीट बसलेली वाटली. पण मी लगेच पुढं गेले. पिता मागं राहिला, पुत्र गेला, हे ठीक. मग तिसऱ्याचं काय काम? पवित्र आत्मा त्या वेळी काय करत होता?

तुम्ही सुईत दोरा ओवत होतात. पुष्कळ वेळ ओवत राहिलात. मग म्हणालात, "ते मला अजून नीट कळलेलं नाय. कळलं की सांगते."

आयुष्यभर ज्या बाईनं वर्गात आणि संडे स्कूलमध्ये तेच शिकवलं, ती असं म्हणाली याचं मला नवल वाटलं. पण तुम्ही तशाच होतात. पाळकसाहेबांनी एकदा मुलांना पाणी, बर्फ आणि वाफ यांचा दाखला दिला, तर भक्ती संपल्यावर तुम्ही त्यांना दारात गाठून सांगितलंत की पाण्यानं काम भागत असेल तर देव कशाला हवा. कुठलंही उदाहरण तुम्हाला चालायचं नाही. उदाहरण दिलं की देव पेटीत बसतो म्हणायच्या. शेजारच्या शमीम आपा साडीला फॉल लावायला येत आणि मुद्दाम तुम्हाला डिवचत. "एक भी बोलते, तीन भी बोलते. गिनती कैसी करते जी तुम लोगां?" तुमचं दोघींचं हे भांडण जुनंच. तुम्ही चिडला नाहीत कधी. म्हणायच्या, "मला सांगता आलं असतं आपा, तर तो देव नसता, माझ्या वर्गातला विद्यार्थी असता." आपा हसायच्या आणि आपला मुद्दा जिंकला असं समजून चहा घ्यायच्या. तुम्हीही तसंच समजायच्या.

मग तुमचा पाय गेला. साखरेनं आधी अंगठा काळा पडला, मग टाच. गुडघ्याखाली कापायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांसमोर तुम्ही एकच विचारलंत, कापलेला पाय कुणाकडं जाणार. ते म्हणाले, दवाखान्याच्या पद्धतीनं जाळतात. तुम्ही म्हणालात, जाळायचा नाही, पुरायचा. पाय आम्हीच नेणार अशा कागदावर सही केल्याशिवाय तुम्ही टेबलावर जाणार नव्हतात, म्हणून मी सही केली.

घरी येताना रिक्षात तुमच्याशी भांडता आलं नाही, कारण तुम्ही दवाखान्यातच होतात. पण दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला आल्यावर कसर भरून काढली. म्हटलं, मातीतून माणूस केला त्या देवाला, मेलेले उठतील त्या दिवशी, तुमचा पाय राखेतून सापडणार नाही का? तुम्ही म्हणालात, सापडेल. पण आपण आपल्या हातानं टाकून द्यायचा नाय. आपल्याकडं ठेवायला दिलेली वस्तू आहे, नीट ठेवायची. तो कसा शोधेल ते त्याचं काम.

जुन्या दफनभूमीत नवी कबर खणू देत नाहीत. घरच्या जुन्या कबरीत आणखी एका माणसाला जागा मिळते, मग ती बंद. तुमच्या भावाच्या कबरीत ती जागा माझी होती. पाळकसाहेब म्हणाले, पाय म्हणजे काही माणूस नव्हे, पायथ्याशी पुरता येईल. जागा जाणार नाही.

पिशवी मी शिवली. तुम्हाला पांढरी हवी होती, पण दुकानात पांढरं कापड नव्हतं. गणवेशाचं निळं टेरिकॉट उरलं होतं, त्याचीच शिवली, दुहेरी शिलाई घालून, तोंडाला नाडी. मांडीवर घेऊन रिक्षानं छावणीत गेले. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि विचारलं, "बाई, मटण कुठून आणलं?" मी म्हटलं, ओळखीतून. दुसरं काय सांगणार होते?

तुम्ही घरी आल्यावर हे सगळं सांगितलं. मटणाला हसलात, पण टेरिकॉट ऐकून तुमचा चेहरा उतरला. "ते कापड कुजत नाय सुमन." मी म्हटलं, मग चांगलंच की, देवाला शोधायला सोपं. आणि मग माझ्या तोंडून ते निघालं, की शांतवन आता तीन पायांनी उठेल, पाळकसाहेबांना म्हणावं हे बघा त्रैक्य. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलणं बंद केलंत. ताट पुढं केलं की जेवायच्या, औषध दिलं की घ्यायच्या, शब्द नाही. एक दिवस भाकरी मोडता मोडता तुमचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताय. तुम्ही म्हणालात, "तीन पायांनी उठला तरी उशीरच करील तो," आणि इतक्या हसलात की ठसका लागला. मग मीही हसले. तो गेल्यानंतर त्याच्यावर असं हसायला मिळालं नव्हतं. त्याच्या उशीर करण्याचा विषय निघाला की दोघी एका बाजूला असायचो.

जखमेची पट्टी मी बदलायची. तेव्हाही वाद चालायचा. मी म्हटलं, उठलेल्या प्रभूच्या हातावर खिळ्यांच्या खुणा होत्याच ना? म्हणजे उठल्यावरही तुमचा पाय तुटकाच राहणार. ते लागायला नको होतं तुम्हाला, पण लागलं. सायंकाळी दुकानात येऊन खुर्चीवर टेकलात आणि म्हणालात, "खुणा राहिल्या त्याच्या. ठणका राहिला नाय." एवढं सांगायला कुबड्या घेऊन अख्खं घर ओलांडून आला होतात.

ठणक्याचं तुम्हाला माहीत होतं. नसलेला पाय दुखायचा तुमचा. भाजी निवडता निवडता थांबायच्या आणि म्हणायच्या, बोटं वळतायत. मी विचारायची, कुठली? म्हणायच्या, छावणीतली. डॉक्टरांनी सांगितलं की नसांना अजून पाय आहे असंच वाटतं, तो गैरसमज आहे. तुम्ही त्यांना म्हणालात, "गैरसमज नसंल. ओळख असंल."

नकली पाय बसवल्यावर तुम्ही दर ईस्टरला पुन्हा पहाटे दफनभूमीत यायला लागलात. मंडळी कबरींवर फुलं मांडायची, मेणबत्त्या लावायची. प्रभू उठला आहे ही हाक तुमची असायची आणि बाकीचे खरोखर उठला आहे म्हणायचे. मी फाटकाजवळ चहाचं पातेलं सांभाळायची, त्यामुळं मला उत्तर द्यावं लागत नसे. एका ईस्टरला शमीम आपा ईदच्या शिरखुर्म्याची परतफेड म्हणून आमच्याकडचा केक घ्यायला घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "अब तो आपके कब्र में पाँव लटक गए आक्का, सुबह सुबह मत निकला करो." तुम्ही म्हणालात, "लटकला नाय आपा, गाडलाय. फक्त बाकीची मी राहिलेय." आपा कपाळावर हात मारून घेत राहिल्या.

आता शेवटच्या मुद्द्याकडं येते. मूत्रपिंडं थकली, अंगावर सूज चढली, तेव्हा एका दुपारी तुम्ही मला मशीन थांबवायला सांगितलंत. म्हणालात, मला हर्सूलच्या पुढं नव्या जागेत ने. शांतवनजवळची जागा तुझी आहे.

मी म्हटलं, "आणि पाय?"

"पायाचं देव बघील."

"हे मी इतकी वर्षं म्हणत होते."

"व्हय. तू बरोबर होतीस."

आक्का, आपण एवढी वर्षं एका घरात काढली. डाळ शिजली की नाही यावरही तुम्ही कधी मला बरोबर म्हणाला नाहीत. तेव्हाच मला कळलं की तुमचं मत बदललेलं नाही. तुम्ही माझ्या जागेसाठी वाद सोडून दिलात. हरलेल्या माणसाचा आवाज असा नसतो. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर तुम्ही शपथ घालून बसला असतात. मी मशीन पुन्हा चालू केलं.

तुम्ही गेलात त्या सकाळी पाळकसाहेब आले आणि कुठं खणायला सांगू विचारलं. नातेवाईक म्हणाले, आक्कांनी स्वतः सांगितलंय, हर्सूलच्या पुढं. मी म्हटलं, चहा पिऊन सांगते.

ती जागा मी रोज आठवायची असं नाही. पण ती आहे म्हणून बरं वाटायचं. तुमच्या भावाशी माझं बोलणं रस्त्यात तुटलं होतं. तो सकाळी डबा विसरला म्हणून मी ओरडले होते, आणि तेच शेवटचं. पुढचं कधीतरी त्याच्या शेजारी जाऊन, इतकंच मनात असायचं. आणि ती जागा एकदा दिली की दिली. तिथं तिसऱ्या माणसाला ठेवत नाहीत.

चहा पिताना मी माझाच मुद्दा समोर ठेवला. देवाला पत्ता विचारावा लागत नाही, तो माती ओळखतो, असं मी तुम्हाला सांगत आले. हे तुमच्या पायाच्या बाबतीत खरं असेल तर माझ्या बाबतीतही असायला हवं. नसेल तर मी नुसती तोंड चालवत होते. दर रविवारी शरीराच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे असं सगळ्यांबरोबर म्हणताना माझं लक्ष घड्याळाकडं असायचं. त्या सकाळी कुणी म्हणायला लावत नव्हतं. मी स्वतःला विचारलं, बाई, तुला खरंच असं वाटतं का? उत्तर आलं ते हो असं आलं. फार मोठ्यानं नाही. गिऱ्हाइकाचं माप डोळ्यांनीच बरोबर कळावं, तसं.

बाहेर येऊन मी पाळकसाहेबांना म्हटलं, छावणीत. भावाच्या कबरीत. ते म्हणाले, "मग तुमचं?" मी म्हटलं, माझं मी बघते, तुम्ही माणसं लावा.

तुम्हाला तयार करताना महिला मंडळाच्या बायकांशी थोडं वाजलं. त्यांना नकली पाय बसवायचा होता. पेटीत आक्का पुऱ्या दिसल्या पाहिजेत म्हणे. मी म्हटलं, खरा तिथं खाली आहे. उठल्यावर दोन डावे पाय घेऊन काय करतील त्या? एकीला हसू आलं, एकीला माझा राग आला, पण नकली पाय घरी राहिला. तो दवाखान्यात परत दिलाय. कुणाला तरी मापाचा होईल.

खणायला मीही गेले. अशा वेळी बायका जात नाहीत, पण कुठं खणायचं ते मलाच माहीत होतं. पायथ्याशी कुदळ जपून घाला म्हणून सांगत उभी राहिले. थोड्या वेळानं खणणारा बाबा वाकला, हातानं माती सारली आणि एक निळी वस्तू वर काढली.

"बाई, दप्तर हाय का कुणा लेकराचं?"

तुमचं म्हणणं खरं होतं. कापड कुजलं नव्हतं. रंग उडाला होता, नाडी गेली होती, पण शिलाई जशीच्या तशी होती. आत हलकं, लहान काहीतरी खुळखुळलं. मी पिशवीवरची माती पदरानं पुसली.

पेटी बंद करायच्या आधी ती पिशवी मी तुमच्या डाव्या गुडघ्याखाली ठेवली, जिथं असायला हवी तिथं. पाळकसाहेबांनी बघितलं आणि प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. शमीम आपा फाटकाबाहेर झाडाखाली उभ्या होत्या. मी बाहेर आल्यावर माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "मिल गया पाँव उनका?" मी म्हटलं, मिल गया.

आता घर शांत आहे. ट्रंक अजून तिथंच आहे आणि वाळलेले कपडे मी तिच्यावरच ठेवते. मशीनवर बसले की तुमच्या पावलांचा वेडावाकडा आवाज येत नाही, आणि तो न येणं मला ऐकू येतं. काल एका गिऱ्हाइकासमोर मी तुम्हाला हाक मारली, कात्री कुठं ठेवलीत म्हणून. ती बाई इकडंतिकडं बघायला लागली. मला तिच्यासमोर लाज वाटली नाही. जिथं तुम्ही नाही तिथं दुखतं, आणि डॉक्टर काही म्हणोत, मलाही तो गैरसमज वाटत नाही.

त्यावरून मला तुमचं राहिलेलं उत्तर सुचलं. पिता मागं राहिला, पुत्र गेला, मग आत्मा त्या तीन दिवसांत काय करत होता? मला वाटतं, तो ठणका होता. जो दोघांच्या मधे होता आणि तुटू देत नव्हता. मेलेल्याला नुसतं मेलेलं राहू देत नव्हता. हे तुम्हाला त्या छावणीतल्या पायानं केव्हाच कळलं असणार, पण ते उदाहरण झालं असतं, म्हणून तुम्ही बोलला नाहीत. मी बोलले. खोडून काढायचं असेल तर काढा. तुम्ही काय म्हणाल याचा विचार करत मी दोन गणवेश उलटे शिवले.

येत्या ईस्टरला चहाचं पातेलं दुसऱ्या कुणाकडं देईन. हाक कोण घालणार ते अजून ठरलेलं नाही. कुणीही घालो, उत्तर द्यायला मी आत उभी असेन.

आणि एक व्यवहाराचं. माझी सोय आता हर्सूलच्या पुढं होईल. त्या दिवशी तुम्ही दोघं छावणीत शेजारी शेजारी उठाल. तो उशीर करील, त्याला हलवून उठवा. डब्याचं मी त्याच्याशी स्वतः बोलेन, तुम्ही मधे पडू नका. पण मला यायला वेळ लागेल. अख्खं शहर ओलांडायचं आहे, आणि त्या दिवशी रिक्षा मिळेल असं काही दिसत नाही. तेव्हा निघू नका, आक्का. फाटकाजवळ थांबा. मी चालत येते.